लाभ, दोन, तीन

मळवलीच्या आसपास भाताची कापणी सुरू झाली की मी गाडीच्या काचा वर करून घेते. जुन्या हायवेनं लोणावळ्याकडे जाताना कामशेत मागं पडलं की हा माझा उद्योग सुरू होतो. इथली हवा खायला लोक मुंबईहून गाड्या भरभरून येतात आणि मी एसी लावून बसते. धाकट्या बहिणीचं सासर लोणावळ्याला आहे. दिवाळीनंतर पप्पांना देहूरोडहून तिच्याकडे सोडायला जावंच लागतं, आणि दिवाळीनंतर म्हणजे नेमकी कापणी. टाळायचं म्हटलं तर एक्स्प्रेस वे आहे, पण उर्से टोलनाक्याच्या रांगेत पप्पा इतके वैतागतात की नको ते वाटतं. त्यामुळे दर वर्षी जुना रस्ता, बंद काचा आणि तो वास. काचा वर केल्या तरी तो येतोच.

शिजणाऱ्या इंद्रायणी तांदळाचा वास सगळ्यांच्या ओळखीचा असतो. हा त्याच्या आधीचा. विळ्यानं नुकत्याच कापलेल्या ताटांचा, दवानं भिजून उन्हाला पसरलेल्या पेंढ्यांचा. थोडा दुधाळ, थोडा मातकट, आणि त्यात शेणानं नव्यानं सारवलेल्या खळ्याचा. एका वर्षी हा वास माझ्या केसांत, ओढणीत, लॅबच्या पांढऱ्या कोटात सुद्धा होता. मी तो धुवून टाकायला तयार नव्हते. आता काचा वर करते. माणूस किती बदलतो, हे बघायला लांब जावं लागत नाही.

मी प्रकाश मोजते. कुणी विचारलं काय करता, तर खरं उत्तर हेच आहे. पुण्यात एका संस्थेच्या तळघरात आमची लॅब आहे. खिडक्या नाहीत, भिंती काळ्या, आणि दारावर लाल दिवा. तो लागलेला असला की आत यायचं नाही. लग्नकार्यात एखादी काकू विचारते, "म्हणजे लाइटचं मीटर बघतेस का गं?" मी म्हणते, नाही हो, प्रकाशाचा एकेक कण मोजते. मग काकू विषय बदलतात आणि माझं लग्न का राहिलं यावर येतात. तो विषय त्यांना जास्त कळतो.

आमचे कण येतात ते दाण्यांमधून. दाणे म्हणजे स्फटिकच, पण इतके लहान की चिमूटभर घेतले तरी त्यांची गणती होऊ नये. शास्त्रात त्यांना क्वांटम डॉट म्हणतात. यांची एक गंमत आहे. पदार्थ तोच, पण दाणा लहान असेल तर तो निळा-हिरवा उजळतो आणि मोठा असेल तर लाल. हल्ली टीव्हीच्या पडद्यातही हे दाणे असतात. गेल्या वर्षी पप्पांनी तसला टीव्ही घेतला तेव्हा दुकानातला मुलगा त्यांना समजावून सांगायला लागला. पप्पा त्याला म्हणाले, "मला नको सांगू. माझ्या पोरीच्या घरचेच दाणे हायेत हे." क्रिकेट लागलं की अजूनही मला हाक मारतात, बघ गं, तुझं गवत किती हिरवं दिसतंय.

अशा दाण्यावर लेसरचा एक फटका मारला की आतला एक इलेक्ट्रॉन उसळून वर जातो. खाली त्याची जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेला आम्ही होल म्हणतो, आणि तिला नुसती पोकळी समजत नाही. तीही हिंडते, तिचाही हिशोब ठेवावा लागतो. मग कधीतरी तो इलेक्ट्रॉन आणि ती रिकामी जागा एकमेकांना सापडतात. दोघं भेटतात त्या क्षणी प्रकाशाचा एक कण बाहेर पडतो. बस्स, एवढंच. फटका मारल्यापासून कण येईपर्यंत किती वेळ गेला, ते मोजणं हे माझं काम. तो वेळ इतका लहान असतो की आपण 'क्षण' म्हणतो तो त्याच्यापुढे युगाएवढा वाटावा. तरी त्याला वाट बघणंच म्हणायला हवं.

दरवेळी मात्र भेट होत नाही. इतक्या लहान दाण्यात आतलं असं फार थोडं असतं. बरेचसे अणू काठावरच बसलेले असतात. काठावरच्या अणूंचे काही हात मोकळे राहतात, कारण पलीकडे धरायला कुणी नसतं. तिथं इलेक्ट्रॉन अडकतो. एकदा अडकला की भेट राहून जाते, प्रकाश येत नाही, आणि सगळी ऊर्जा नुसती गरम होऊन जाते. म्हणून दाण्यावर दुसऱ्या पदार्थाचं आवरण चढवतात, काठ झाकून टाकतात. हे आवरण चढवण्यात अमोलचा हात धरणारा आमच्या लॅबमध्ये कुणी नव्हता. तो म्हणायचा, "भाताचं फोलपट काढलं की तांदूळ होतो. खाता येतो, पण पेरता येत नाही. तसंच आहे हे."

अमोल हा असा. मळवलीच्या पलीकडच्या एका लहान गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा, वडील लहानपणीच गेलेले. घरची भातशेती आई बघायची आणि जोडीला शेजारच्या एका बंगल्याची राखण करायची, शनिवार-रविवार मुंबईचे लोक आले की त्यांचं चहापाणी करायची. तो दाणे बनवायचा आणि मी ते मोजायचे. आमचं प्रेम काही सिनेमासारखं जमलं नाही. काळ्या तळघरात, लाल दिव्याखाली, एकमेकांचं तोंड धड दिसत नसताना जमलं. कदाचित म्हणूनच जमलं.

मोजणी सुरू करताना डिटेक्टरला पहिला कण मिळाला की पडद्यावर एक ठिपका उमटतो. मी म्हणायचे, "एक." अमोल म्हणाला, "एक म्हणू नये. लाभ म्हण." त्यांच्याकडे खळ्यावर भाताची रास पायलीच्या मापानं मोजतात तेव्हा पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत. लाभ, मग दोन, मग तीन. आणि मोजणारा सोडून दुसरं कुणी बोलत नाही. रास उठेपर्यंत सगळे गप्प, कारण मोजताना बोललं की बरकत जाते. पुढे काट्यावर वजन होतंच, व्यापारी काही लाभ मानत नाही. पण आधी पायली फिरते. मी त्याला म्हटलं, अरे, लेसरच्या टेबलावर कसली बरकत? तो म्हणाला, "तू म्हण तर." मी म्हटलं. त्या दिवशी आलेख इतका स्वच्छ आला की आम्ही दोघं हसत सुटलो, आणि मग ते अंगवळणीच पडलं.

डिटेक्टरची एक खोड सांगून ठेवते. त्यानं एक कण टिपला की तो क्षणभर आंधळा होतो. त्या क्षणात दुसरा कण आला तर तो मोजला जात नाही. आलेला असतो, पण हिशोबात नसतो. अमोल म्हणायचा, डोळा मिटतो त्याचा, त्याला बोलून काय उपयोग?

त्या वर्षी पाऊस वेळेवर आवरला. दसऱ्यापर्यंत शेतं पिवळी झाली. अमोल म्हणाला, "कापणीला ये. आईला भेट." आणि मग नजर चुकवून, "बाकी सगळं आईला मी सांगतो. रास उठायच्या आत सांगतो. तू काही बोलू नकोस." हे 'बाकी सगळं' म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आम्ही बौद्ध, ते मराठा. तळघरात ह्या गोष्टीला काही वजन नव्हतं. मळवलीला उतरल्यावर होतं. मला भीती वाटत नव्हती असं नाही, पण 'मी सांगतो' हे त्याचे दोन शब्द मला पुरेसे वाटत होते.

कापणीचा तो दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. दव वाळलं नव्हतं. समोर लोहगड आणि विसापूर धुऊन ठेवल्यासारखे दिसत होते. मी विळा असा धरला होता की अमोलच्या आईनं आधी पोटभर हसून घेतलं. "आगं पोरी, अशी न्हाई. आदी मूठ धर, मंग वड. बोटं कापून घेशील, आन् मंग कॉम्प्युटर कशानं बडवशील?" दुपारपर्यंत माझ्या तळव्याला फोड आले. त्यांनी त्यावर तेल लावलं, घरच्या कपबशीत चहा दिला, आणि बांधावर शेजारी बसवून विचारलं, "गाव कंचं तुमचं?"

"देहूरोड."

"ते न्हाई गं. मूळ गाव."

मी पवनेच्या खोऱ्यातलं आमचं गाव सांगितलं. मग आडनाव. आमचं आडनाव असं आहे की त्या गावात पाटलाच्या घरातही तेच आणि आमच्या घरातही तेच. मावळात अशी आडनावं पुष्कळ आहेत. आईंचा चेहरा उजळला. "मंजी आपल्यातलीच की!" म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. अमोल समोर विळ्याला धार लावत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. आणि मी? त्या घटकेला मला तो शब्द नुसता गोड लागला. आपल्यातली. त्याच्या आत आणखी काय आहे हे तपासायची इच्छाच झाली नाही.

निघताना त्यांनी आधी कापून वाळवलेल्या खाचराच्या पहिल्या झोडणीतलं भात सुपानं माझ्या पिशवीत ओतलं. पोत्यात भरायच्या आधी, थेट खळ्यावरून. "नवं हाय. गिरणीतून काढून घे, पप्पास्नी खाऊ घाल." पिशवी चांगली जड झाली. मी ती छातीशी धरून देहूरोडला आले.

पप्पा लष्कराच्या डेपोतून निवृत्त झालेले. सकाळी पेपर, संध्याकाळी विहारात जाऊन मुलांना गणित शिकवायचं, असा त्यांचा दिवस. पिशवी उघडून त्यांनी मूठभर भात तळहातावर घेतलं, नाकाशी नेलं आणि हसले. मावळचा माणूस. मग विचारलं, "कुटून आणलंस?"

"अमोलच्या आईनं दिलं. खळ्यावरून."

ते हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. भात त्यांनी परत पिशवीत सोडलं, तळहात झटकले नाहीत, एकेक दाणा बोटानं काढून आत टाकला.

आमचे आजोबा, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, ते गावात असताना सुगीला खळ्यावर जायचे. आमच्या लोकांना गावकीच्या कामाबद्दल मिळायचा तो वाटा असा खळ्यावरच मिळायचा, भाताच्या रूपात. खळ्याच्या आत पाय ठेवायचा नाही, कडेला उभं राहायचं, आणि रास मोजून झाली की वरून ओतलं जाईल ते घोंगडीत घ्यायचं. छप्पन साली आबांनी दीक्षा घेतली आणि घरी येऊन एवढंच सांगितलं की आजपासून कुणाच्या खळ्यावर जायचं नाही. त्या साली घरात चूल पेटायची मारामार झाली, पण ते गेले नाहीत. त्यांच्या मुलानंही तो शब्द पाळला. नात मात्र पिशवी छातीशी धरून घेऊन आली.

"त्यांनी मायेनं दिलंय, पप्पा," मी म्हटलं.

"व्हय गं. मायेनंच दिलंय. त्या माउलीला काय ठावं?" त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. मग म्हणाले, "आपण देऊन येऊ. भांडायला न्हाई. सोयरीक जोडायला जायचं तर हात मोकळे पाहिजेत."

सोयरीक हा शब्द त्यांनी असा सहज टाकला की मला रडू फुटलं. मी त्यांना तोवर काही सांगितलं नव्हतं. आईमागे दोन मुली वाढवलेला माणूस, त्याला सांगावं लागत नाही.

अमोलला फोन केला. पप्पा येतायत म्हटलं. तो म्हणाला, "या ना. दिवाळीनंतर रास मोजायचीय, तेव्हाच या." मी विचारलं, आईला सांगितलंस? "सांगतो. त्याच्या आत सांगतो."

पप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. आधी मला घेऊन लोणावळ्याला गेले, बाजारातून चिक्कीचा मोठा डबा घेतला. पाहुण्यांकडे जाताना लोणावळ्याची चिक्की नेण्यात काय विशेष, ते लोक तिथलेच, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "आपण बी हितलेच की." तिथून लोकलनं मागं येऊन मळवलीला उतरलो आणि चालत गेलो. त्यांच्या एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात भाताची पिशवी. पिशवी मला घेऊ देईनात.

आम्ही पोचलो तेव्हा मोजणी सुरू झालेली होती. खळ्याच्या मधोमध रास, राशीवर हळदकुंकू, कडेला काढलेल्या चपला. अमोल गुडघ्यावर बसून पायली भरत होता, चुलते पोतं धरून उभे होते, आई सूप घेऊन सांडलेले दाणे गोळा करत होत्या. मोजताना बोलायचं नाही आणि बाहेरच्यानं आत यायचं नाही. तो नियम सगळ्यांना होता, गावच्या सरपंचालाही असता. पप्पा जाणते, ते खळ्याच्या कडेला थांबले. हातात पिशवी. मी त्यांच्या मागे उभी होते आणि मला एकदम कळलं की हा माणूस नेमका कुठे उभा आहे. कुणी उभं केलं नव्हतं. कुणाचा दोष नव्हता. तरी त्यांचा बाप उभा राहायचा त्याच जागी ते उभे होते, आणि माझ्यासाठी उभे होते.

"नऊ," अमोल म्हणाला. पोत्यात भात ओतल्याचा आवाज. "दहा." पुन्हा ओतल्याचा आवाज. "अकरा." तीही ओतली, आणि त्यानं मान वर केली. त्याला पप्पा दिसले, पिशवी दिसली, मी दिसले. तिथं तो थांबला असता तर. पायली खाली ठेवून 'या काका' म्हटलं असतं तर. गेली असती थोडी बरकत. मी त्याच्याकडे अशी बघत होते की तसं मी आयुष्यात पुन्हा कुणाकडे बघितलं नाही. त्यानं पुढची पायली भरली आणि ती ओतताना म्हणाला, "अकरा."

पुन्हा अकराच. चुलत्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तरी बोलायचं नव्हतं. मग बारा, तेरा, आणि रास संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

मोजणी झाली. बोलायला आता कुणाची बंदी नव्हती. आईच पुढे आल्या. "या की भाऊ, आत या. आन् ह्ये काय? भात माघारी आणलं? लेकीला दिल्यावानी दिलं व्हतं मी."

"म्हणूनच आणलंय, ताई," पप्पा म्हणाले. आवाज अगदी मऊ. "राग मानू नका. आमच्यात खळ्यावरचं घेत न्हाईत. आमच्या आबानं दीक्षा घेतली तवा सोडलं."

आई पप्पांकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मग अमोलकडे, आणि त्याच्याकडे बघितल्यावर मला समजलं की त्यानं त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. "असं व्हय," त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग आला नाही, अजूनही येत नाही. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "बसा भाऊ. च्या टाकते."

मला तिथून पळत सुटायचं होतं. मी पप्पांचा हात ओढला, चला म्हटलं. पप्पा म्हणाले, "थांब. च्या घेऊन जाऊ." ते बांधावर बसले. अमोल पोत्यांची तोंडं शिवत होता. एक पोतं, दुसरं पोतं. दाभण वरखाली होत राहिला.

चहा आला तो कागदी कपांत. बंगल्यावरच्या पाहुण्यांसाठी आणून ठेवलेले कप. आम्हाला दोघांना कागदी, चुलत्यांना कपबशी. पप्पांनी चहा सावकाश प्याला, एकेक घोट घेत, अमोलच्या पाठीकडे बघत. संपल्यावर कप चपटा केला, घडी घातली आणि आपल्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवला. चिक्कीचा डबा आईंच्या हातात दिला, पिशवीतलं भात राशीच्या जागेवर हलकेच ओतलं आणि म्हणाले, "येतो ताई." सोयरिकीचं नावही काढलं नाही.

ह्या चहाचा राग मी पप्पांवर कित्येक वर्षं धरला. का थांबलात? तो अपमान घोटघोट प्यायची काय गरज होती? मी हे त्यांना कधी विचारलं नाही, पण मनात ठेवलं. अमोलवर राग धरणं मला जमत नव्हतं, म्हणून तो सगळा पप्पांच्या वाट्याला गेला असावा.

अमोल नंतर लॅबमध्ये आला. "आईला थोडा वेळ देऊ या," म्हणाला. मी दिला. कापणी संपली, शेतात नुसते खुंट राहिले, त्यांत कुणी हरभरा टाकला. थोडा वेळ, थोडा वेळ करता करता त्याला परदेशात नोकरी लागली. जाताना त्यानं माझ्या टेबलावर आवरण चढवलेल्या लाल दाण्यांची एक बाटली ठेवली. सही नाही, शब्द नाही. त्याच्या लग्नाचा फोटो मी फोनवर बघितला. मुलगी छान होती. मी तो फोटो मोठा करून बघितला हे कुणाला सांगितलेलं नाही, इथं सांगते.

सूक्ष्मदर्शकाखाली एकच दाणा बघत बसलं की तो लुकलुकताना दिसतो. लागतो, विझतो, परत लागतो. विझला म्हणजे मेला असं नाही. काहीतरी काठावर अडकलेलं असतं, सुटलं की परत उजळतो. हे शिकवताना दर वर्षी मी मुलांकडे पाठ करून फळ्याकडे वळते. कारण त्यानं दोनदा म्हटलेल्या त्या अकरावर मी अनेक वर्षं जगले आहे. तेवढा एक क्षण तो अडखळला होता. तेवढा एक क्षण मी त्याला मोजणीपेक्षा मोठी वाटले होते. त्या राशीतली एक पायली हिशोबात आलीच नाही, आणि ती माझी होती, असं मी मनाशी धरून ठेवलं. ह्याचा साक्षीदार माझ्याशिवाय कुणी नाही, असंच मला वाटत होतं. लॅबमध्ये पहिला कण आला की अजून मी लाभ म्हणते. नव्या मुली हसतात, मी कारण सांगत नाही.

ह्या वर्षी पप्पांना सोडायला निघाले तेव्हा कापणी उरकत आली होती. मळवलीच्या अलीकडे पुढे ट्रॅक्टर आडवा आला आणि गाड्या अडल्या. अमोलचं खळं होतं तिथं आता एका बंगल्याचा पोहण्याचा तलाव आहे. मी ते ऐकून आहे, बघायला गेलेली नाही. पण रस्त्यालगतच्या एका शेतात अजून कुणाचं तरी खळं होतं. पप्पा म्हणाले, "काच खाली कर गं. गुदमरतंय."

मी काच खाली केली. वास आत आला. आणि त्याच्या मागोमाग एका बाईचा आवाज, लांबवलेला. "लाभ." भात ओतल्याचा आवाज. "दोन." मी स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत राहिले. पप्पांचे ओठ हलत होते. ते तिच्याबरोबर मोजत होते, पुटपुटत, नातवंडांना पाढे म्हणून दाखवतात तसे. सात, आठ, नऊ, दहा, अकरा. तिथं ते थांबले. ती बाई पुढे गेली, बारा म्हणाली.

"दोनदा म्हणला व्हता तो," ते म्हणाले. "अकरा."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही ऐकलं होतंत?"

"मी बी मोजत व्हतो की मनात." ते बाहेर खळ्याकडेच बघत होते. "म्हणून तर च्याला थांबलो. म्हणलं, पोरगं चुकलंय. मंजी आता बोलंल."

ट्रॅक्टर बाजूला झाला. मागच्या गाडीचा हॉर्न वाजत होता. मी गिअर टाकला, पण क्लचवरचा पाय काही उचलेना.